चौथ्या दिवसाचा रकाना

कारखान्यात मी मायक्रॉनमध्ये मोजते.
सातपूरच्या त्या गार खोलीत
बावीस वर्षं बेअरिंगच्या कड्या,
केसाच्या विसाव्या भागाइतकं कमी-जास्त:
पास, रिजेक्ट, सही.

म्हणून हा बेतही तसाच,
रिजेक्शन रिपोर्टच्या पाठकोऱ्या कागदांवर
पट्टीने आखलेले रकाने.
अंतर, चढ, पाणी, मुक्काम, पंक्चर काढणारा.
दिवस पाच. सायकली दोन.
एक माझी, एक वैजूवन्संची.

वन्सं म्हणतात, पेठ रोडनेच जाऊ, रुंद आहे.
मी म्हणते, रुंद आहे म्हणूनच नको.
ट्रकचा वारा खांद्याला घासून गेला
की आपण काय बोलत होतो तेच आठवत नाही.
आतून जाऊ. उमराळे, ननाशी, बाऱ्हे.
भात कापून झालेला असेल,
नागलीची कणसं लोकांनी डांबरावरच पसरलेली,
तिथे उतरून सायकल हातात धरावी लागेल.
त्याची वीस मिनिटं मी धरली आहेत.

हे म्हणाले, मागून गाडी घेऊन येऊ का?
दोघी एकदम नाही म्हणालो.
आजवरचं तेवढं एकच एकमत.

ननाशीच्या पुढे एका आश्रमशाळेत फोन लावला.
भोये सर, तुमच्यापासून सुरगाणा किती?
जवळच आहे.
जवळ म्हणजे?
सकाळी निघालात तर जवळ.
जेवून निघालात तर लांब.
आता रकान्यात काय लिहायचं?
थोडा वेळ पेन तसंच धरून बसले,
मग तेच लिहिलं.

भद्रकालीत फखरुद्दीनभाई
डोळे मिटून चाकाची एकेक तार चिमटीत घेतात.
ही थकलीय, म्हणतात, आणि अर्धा फेरा आवळतात.
गेज नाही, डायल नाही.
चाक फिरवून मला दाखवतात:
काठ कुठेच हलत नाही.
वजन किती नेणार?
सात किलो.
नेऊन बघितलंय?

तेव्हा सात किलो तांदूळ पिशवीत भरून
पहाटे पाचला गंगापूर धरणापर्यंत, आणि परत.
असं तीनदा.
तिसऱ्या दिवशी सोमेश्वरजवळ पिशवी उसवली
आणि माझ्यामागे पांढरी रेघ, अर्धा किलोमीटर.
वन्सं सायकलवरून उतरून रस्त्याकडेला हसत बसल्या.
अगं, आमच्या घरात आलीस तेव्हाही
माप अस्संच लाथाडलं होतंस,
तांदूळ पार देवघरापर्यंत!
ते माप मीच भरलं होतं, म्हणाल्या,
काठोकाठ.
मला ठाऊकच नव्हतं.
मला त्या दिवशीची फक्त
दारातली, हाताची घडी घालून उभी नणंद आठवते.

पहिला दिवस भरला. दुसरा भरला.
तिसऱ्याला हातगड, तिथे गारठा, तिथे खोली.
पाचव्याला कळवणहून वणी, दिंडोरी, घर.
चौथा मात्र.
हातगडहून कनाशीकडे आतला जो रस्ता मी धरलाय
तो नकाशावर तुटक तुटक टिंबांचा आहे.
तिघांना विचारलं.
एक म्हणाला, नवाकोरा झालाय, बिनधास्त या.
एक म्हणाला, फरशीपूल वाहून गेला की आखाडात.
तिसऱ्याने, कोण बोलतंय, असं विचारलं
आणि पाव तास त्याच्या पोरीच्या नर्सिंगबद्दल बोलला,
ती नाशकातच असते, कधी दिसली तर सांगा
की म्हैस व्याली.

अंतर कोरं. पाणी कोरं.
बावीस वर्षांत रिकाम्या रकान्याखाली
मी सही केलेली नाही.
कागद पुढे सरकवला, वन्सं, तुम्हीच बघा.
त्यांनी चष्मा शोधला नाही.
चहाचा कप उचलला, घोट घेतला,
आणि नेमका चौथ्या दिवसावर ठेवला.

कप उचलल्यावर खाली ओलं वर्तुळ,
एका बाजूला जरा तुटलेलं.
व्यास असेल पंचावन्न मिलिमीटर.
मोजला नाही.

ट्यूब अजून आणायच्या आहेत. दोन जादा.